सांगोल्याच्या विहिरीतला लाल पट्टा

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सोलापुराहून सांगोल्याला हौसेनं जाणारं दुसरं कुणी असेल असं मला वाटत नाही. माणसं उलट तिकडून इकडे येत होती. स्टँडवर उतरणाऱ्या प्रत्येक एसटीतून बोचकी, पातेली, कडेवरची पोरं बाहेर पडत होती, आणि त्या गर्दीच्या उलट्या दिशेनं आम्ही दोघी आत घुसत होतो. मी आणि माझी नणंद, नीलाक्का.

आमचं घर लिंगायतांचं, कापडाच्या व्यापारातलं. घरात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात नांदायच्या. मोठ्या बहिणीला अक्का म्हणायचं, म्हणून नवरा जिला अक्का म्हणायचा तिला मीही अक्काच म्हणू लागले. ती पुण्याला भूगर्भशास्त्र शिकून आली होती आणि कॉलेजात शिकवायची. लग्न केलं नव्हतं. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. 'गिरिजा, चल माझ्याबरोबर. वर्षभर पृथ्वी शिकवलीस, एकदा बघून तरी घे,' असं अक्का म्हणाली, आणि मी लगेच हो म्हटलं.

सासूबाईंना ते अजिबात पटलं नाही. "दुष्काळ ही काय बघायला जायची गोष्ट आहे?"

"दुष्काळ नाही गं, विहिरी बघायच्यात," अक्का म्हणाली. "एरवी त्या पाण्यात बुडालेल्या असतात. आत्ता कोरड्या ठणठणीत आहेत तोवर भिंती बघून घेते. परत असा योग येऊ नये."

शेवटचं वाक्य ऐकून सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी कडक भाकऱ्यांची चवड, शेंगाचटणी आणि धपाटे बांधून दिले. चार दिवस टिकेल असंच सगळं होतं, कारण वाटेत काही मिळेल याचा भरवसा नव्हता.

आज तुम्ही निघालात तर मंगळवेढ्यावरून गुळगुळीत रस्ता आहे, सकाळचा चहा सोलापुरात आणि दुसरा सांगोल्यात होईल. दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा दिसतील. आमच्या वेळी रस्ता अरुंद होता, आणि त्याच्या कडेला मैलोन् मैल माणसं खडी फोडत बसलेली. दुष्काळी कामं म्हणायचे त्याला. हजारो हातोड्यांचा आवाज बसच्या इंजिनावरही ऐकू यायचा. भीमा ओलांडली तेव्हा पात्रात पाणी नव्हतंच. बायका वाळूत खड्डे करून वाटीवाटीनं कळशी भरत होत्या. माझ्या शेजारची म्हातारी पुटपुटली, "नदीबी हिरीवानी उपसाय लागली की."

सांगोल्यात अक्काची एक मावशी राहायची, तिच्याकडे उतरलो. ती अक्कलकोटकडची, त्यामुळे बोलणं निम्मं कानडी. रेशनवर त्या वर्षी मिलो नावाची लाल परदेशी ज्वारी मिळायची. तिच्या भाकरीला चिकटपणा नसतो, थापता थापता फाटते. मावशीनं ती गरम पाण्यात उकड काढून कशीबशी थापली होती. वर लसणाचं तिखट. संध्याकाळी अंगणात जेवायला बसलो आणि मी सहज अक्काला म्हटलं, "आमच्या पुस्तकात पृथ्वी निवत निवत आकसली, म्हणून तिला सुरकुत्या पडल्या, तेच डोंगर, असं आहे. वाळलेल्या बोरासारखं. मुलींना ते चटकन कळतं."

अक्कानं घास खाली ठेवला. "ते आता जुनं झालं."

"जुनं म्हणजे?"

"म्हणजे चूक. जगभर आता वेगळंच मानायला लागलेत."

मग तिनं जे सांगितलं ते तिथल्या अंधारत्या अंगणात ऐकताना माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. वरचं कवच पातळ, त्याखाली प्रावरण, आणि मध्ये लोखंडाचा गाभा, इथवर मला माहीत होतं. पण हे कवच, खालच्या थोड्या थरासकट, अखंड नाही, अक्का म्हणाली. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. त्यांना प्लेटा म्हणतात. आणि ते सगळे चालतात.

"चालतात म्हणजे? खाली पातळ रस आहे की काय?"

"पातळ नाही. दगडच आहे. पण इतका तापलेला, की लाखो वर्षं दिलीस तर मेणासारखा सरकतो. त्याच्या बरोबर वरचे तुकडेही सरकतात. आपला देश कधीकाळी विषुववृत्ताच्या पार खाली होता, गिरिजा. आफ्रिकेला, अंटार्क्टिकाला चिकटलेला. तिथून सुटला, समुद्र ओलांडून वर आला आणि आशियाला जाऊन धडकला. हिमालय म्हणजे त्या धडकेत वर आलेला समुद्राचा तळ आहे. आणि अजून आपण थांबलेलो नाही. वर्षाला दोन-तीन बोटं पुढे सरकतोय."

मी वर्षभर साठ मुलींना बोराची सुरकुती शिकवली होती. परीक्षेत त्यावर गुणही दिले होते.

मावशी मात्र शांतपणे भाकरी मोडत होती. "हौदा?" तिनं विचारलं. खरं का, असं कानडीत. "मग सातबाऱ्यावरच्या हद्दी?"

"हद्दी पण बरोबरच सरकतात, मावशी. शेजारी पण."

"मग काही हरकत नाही," मावशी म्हणाली, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. पण त्या रात्री अंगणात चटईवर पडल्यावर मी डोळे मिटले की जमीन हळूच पुढे ओढली जातेय असं वाटायचं. मी दोनदा उठून बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही महूदच्या वाटेवरच्या एका गावी निघालो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, तिथल्या कुणाला आता बोल लागू नये म्हणून. बस नव्हती. पाण्याचा टँकर जाणार होता, त्याच्या ड्रायव्हरनं आम्हाला केबिनमध्ये घेतलं. आम्ही पोचलो तर अख्खं गाव घागरींची रांग लावून उभं. टँकर थांबायच्या आत माणसं त्याच्यावर चढली. आम्हाला खाली उतरता येईना. एका बाईनं दार उघडून हात दिला. उंच, काळीसावळी, कपाळावर आडवं गोंदण. "या बाई. पानी न्हाय, सावली दीन." ती शेवंता. दुष्काळी कामावर गावाची विहीर खोदायला होती, आणि अक्काला तीच विहीर बघायची होती.

विहीर म्हणजे प्रचंड चौकोनी खड्डा होता. एका बाजूनं खडकात पायऱ्या काढलेल्या, तळाशी वीस-पंचवीस बायामाणसं मुंगीएवढी दिसत होती. पुरुष पहारीनं दगड सुटा करत होते, बायका पाट्या डोक्यावर घेऊन चढत होत्या. मुकादम दशरथ म्हणून होता, पांढरी टोपी, आवाज मोठा. अक्कानं आपण कॉलेजातल्या आहोत, दगड बघायला आलोय असं सांगितल्यावर त्यानं तिला खालून वर न्याहाळलं. "दगूड बगाया? बगा की. दगडाला काय तोटा हाय हितं."

आम्ही उतरायला लागलो आणि अक्का मला भिंत वाचून दाखवायला लागली. अगदी वर हातभर काळी माती. मग मुरूम. मग निबर काळा खडक, इतका एकसंध की त्यावर पहारीचे ओरखडे चांदीसारखे चमकत होते. मग एक ठिसूळ खडक, सगळीकडे भोकं आणि भोकांत पांढरे स्फटिक. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्याच्याखाली पुन्हा काळा कातळ, दोन पुरुष उंचीचा. आणि त्या कातळाच्या खाली, जवळजवळ तळाशी, चारही भिंतींवरून फिरलेला एक लालभडक पट्टा. विटेच्या रंगाचा, फूट-दीड फूट जाड. मी असं काही बघितलंच नव्हतं. कुणी काळ्या लुगड्याला काठ लावावा तसा तो होता.

"हात लाव," अक्का म्हणाली.

मी हात लावला. मऊ, खडूसारखा. बोटं लाल झाली.

"ही जमीन आहे."

"कुठली जमीन?"

"जमीन, गिरिजा. माती. एके काळी याच्यावर आभाळ होतं. पाऊस पडायचा, वारा सुटायचा, झाडोरा असेल. खालचा खडक म्हणजे आधी वाहून आलेला लाव्हा. तो निवला, झिजला, त्याची माती झाली. त्याला हजारो वर्षं गेली. मग जमीन पुन्हा फाटली आणि नवा लाव्हा या मातीवरून वाहत गेला. तिला भाजून काढलं, म्हणून ती लाल. पुन्हा शांत, पुन्हा माती, पुन्हा लाव्हा. सोलापूर, पुणे, सह्याद्री, सगळं यावरच उभं आहे. आपला देश वर सरकत होता ना, त्या वाटेवरच हे झालं."

मी विहिरीच्या तळाशी उभी होते आणि माझ्या छातीच्या उंचीवर एक जमीन होती. मी जिला जमीन म्हणत आले ती माझ्या डोक्यावर चार मजले उंच होती. मला रडू येतंय की हसू, कळेना. शेवंता पाटी भरता भरता बघत होती. "गेरू हाय त्यो," ती म्हणाली. "आमी घर सारवाया नेताव. लई झ्याक रंग बसतोय."

आणि तिनं हातानं दाखवलं. उत्तरेच्या भिंतीला लाल पट्टा आत खोल कोरून काढलेला होता. गावातल्या बायकांनी खुरप्यानं खरवडून खरवडून नेला होता, आणि उरलेला पहारीच्या कामात आपोआप ढासळला होता. वरचा तो दोन पुरुष उंचीचा कातळ कशावरही टेकलेला नव्हता. नुसता पुढे आलेला. त्याच्या सावलीत, गार म्हणून, सात-आठ माणसं बसून दगड फोडत होती.

अक्काचा चेहरा मी तेव्हा बघितला. ती दोन पावलं पुढे गेली, कातळात वर जाणारी एक बारीक चीर होती, तिच्यात तिनं पिशवीतल्या हातोडीचं चपटं टोक घालून बघितलं. टोक आत गेलं. मग ती वळली आणि दशरथ मुकादमाला म्हणाली, "ह्यांना इथून उठवा. सगळ्यांना वर घ्या. हा कडा पडेल."

"कवा?"

"ते सांगता येत नाही. पण खाली आधार राहिलेला नाही."

"बाई, दोन महिनं झालं तसाच हाय त्यो. वर सुरुंगाचं बार उडवलं तवा पडला न्हाय, आन आता पडंल व्हय?" आजूबाजूचे हसले. "काम थांबवायचं तर वरनं सायबाचा हुकूम लागतो. तुमी हाय का सायब?"

ती परत परत सांगत राहिली. गेरू मऊ असतो, हवा लागली की भुगा होतो, वरचा कातळ जड. शेवंतासुद्धा म्हणाली, "बाई, आज पाटी भरली न्हाय तर उद्या चूल कशी पेटंल? तुमी वर सावलीला बसा." त्यात तुच्छता नव्हती, काळजीच होती. कुणीही हललं नाही. शास्त्र त्यांना ऐकू येत होतं, पण ते पोटाच्या आड येत होतं.

मग अक्का भिंतीपाशी वाकली, कशाकडे तरी बघितल्यासारखं केलं, आणि किंचाळली, "बार राहिलाय! न उडालेला बार आहे इथं! पळा!"

तसं काहीही नव्हतं. मी तिच्या अगदी शेजारी उभी होते. तिथं नुसता दगड होता. पण सुरुंगाचा न पेटलेला बार म्हणजे काय हे त्या तळातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पाट्या, पहारी, टोप्या टाकून सगळे पायऱ्यांकडे धावले. मला कुणीतरी दंडाला धरून ओढत वर नेलं. पायऱ्यांवर माझी चप्पल निसटली, गुडघा फुटला. वर आलो तेव्हा अक्का सगळ्यात शेवटी येत होती, मागे कुणी राहिलंय का ते बघत.

दशरथ धापा टाकत म्हणाला, "बार कुटं हाय? त्या बाजूला भोकच मारल्यालं न्हाय." मग त्याच्या लक्षात आलं. "बाई, तुमी खोटं बोलला?"

"हो," अक्का म्हणाली.

तो भडकला. त्याचंही काही खोटं नव्हतं. पळापळीत एखादी बाई पायरीवरून खाली गेली असती. "शिकल्याली मानसं तुमी! गरिबाची चेष्टा करायला आला हितं?" माणसं चिडली. कुणीतरी म्हणालं, ह्यांना टँकरमधी घालून पाठवून द्या. दशरथनं हात केला, "चला रं, उतरा खाली." सगळ्यात आधी शेवंता वळली. अक्कानं तिचा पदर धरला. शेवंतानं तो सोडवून घेतला, रागानं नाही, आणि ती पायऱ्या उतरायला लागली. तिच्यामागे आणखी दोघी.

पहिल्यांदा आवाज आला तो फार लहान होता. चिंध्या फाडल्यासारखा. शेवंता थबकली. मग उत्तरेचा कडा, आख्खा, उभाच्या उभा खाली बसला. पडला म्हणता येणार नाही. तो आधी बसला आणि मग पुढे वाकला. माझ्या पायाखालची जमीन खरोखर हलली. लाल धुळीचा लोट विहिरीतून वर आला आणि आम्हाला काही दिसेना. धुळीतून बायका नावं घेऊन ओरडत होत्या. मीही ओरडत होते, पण कुणाचं नाव घेत होते आठवत नाही.

धूळ खाली बसली तेव्हा पायऱ्यांवर तिघी दिसल्या. वरच्याच टप्प्यात होत्या, एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या, केसांपासून पायापर्यंत लाल. शेवंताच्या कपाळाला दगडाची चिपरी लागून रक्त येत होतं, पण ते त्या लालात वेगळं कळतच नव्हतं. तिला वर घेतलं. जिथं सावलीत ते सात-आठजण बसायचे तिथं आता बैलगाडीएवढे दगड होते.

दशरथ मुकादम खाली बसला आणि त्यानं टोपी काढून तोंडावर धरली. बऱ्याच वेळानं तो अक्काजवळ आला. हात जोडायला लागला तर अक्कानं त्याचे हात खाली केले. "बाकीच्या भिंतींचा गेरू कुणी काढू देऊ नका," ती इतकंच म्हणाली. "आणि बाजू उतरत्या करून घ्या. सरळ उभ्या नकोत."

आम्ही निघालो तेव्हा शेवंतानं आम्हाला सुकडी दिली, दुष्काळी कामावर वाटतात ती भाजल्या पिठाची, पदराच्या गाठीतून सोडून. नको म्हणायची आमची हिंमत झाली नाही.

परतीला आम्ही सांगोल्याहून छोटी गाडी धरली. तेव्हा मिरजेहून कुर्डुवाडीला अरुंद रुळांची आगगाडी जायची, इतकी सावकाश की माणसं चालत्या गाडीतून उतरून परत चढायची. आता तिथं मोठे रूळ आहेत. मोडनिंबला गाडी बराच वेळ थांबली, तिथं मातीच्या भांड्यात चहा मिळाला, गुळाचा. दोन दिवसांत पहिल्यांदा गोड चहा पोटात गेला. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत बसलो. साऱ्या वाटेवर अक्का खिडकीबाहेर बघत होती. तिच्या नखांत अजून लाल माती होती.

जे आज जायचं म्हणतायत त्यांच्यासाठी: तो लाल थर बघायला कुठल्या विहिरीत उतरू नका. रस्त्यासाठी टेकडी कापलेली असते तिथं, घाटात, दुरून छान दिसतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा, पाणी भरपूर घ्या, आणि कातळाच्या सावलीत बसू नका, कितीही गार वाटली तरी.

घरी आलो. सासूबाईंनी आमची लाल झालेली लुगडी बघून कपाळाला हात लावला, पण गुडघ्याचं ऐकल्यावर हळद घेऊन आल्या. कडा पडल्याचं मी सांगितलं, खोट्या बाराचंही सांगितलं. सासरे म्हणाले, "पोरीनं गाव वाचवलं." शेजारीपाजारी ऐकायला आले. अक्का मधेच उठून मागच्या दारी गेली. मी थोड्या वेळानं गेले तर ती पायरीवर बसून नखांतली माती काढत होती.

"मला खात्री नव्हती गं," ती म्हणाली.

"पण पडला ना कडा."

"पडला. पण तो त्या दिवशी पडेल की दोनशे वर्षांनी, हे मला कुठं माहीत होतं? आमच्या शास्त्रात दोन्हीला लवकरच म्हणतात." तिनं हात पदराला पुसले. "आणि एक सांगू? तो पडला ना, तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं. मी खोटी ठरले नाही म्हणून. शेवंता पायरीवर आहे हे मला त्यानंतर आठवलं."

मी तिच्या शेजारी बसून राहिले. आत लोक तिचं कौतुक करत होते, ते बाहेर ऐकू येत होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी पुस्तकातलं बोर शिकवलं, कारण परीक्षेत तेच येणार होतं, आणि मग पुस्तक मिटून अक्कानं सांगितलेलं सगळं सांगितलं. काही वर्षांनी पुस्तकही बदललं. आपला देश समुद्रावरून सरकत आला याचा धक्का मी केव्हाच पचवला; आता ते नातवंडंही सहज म्हणतात. पण अक्काला त्या क्षणी बरं वाटलं, हे मला कैक वर्षं पचलं नाही. अलीकडे मात्र मी त्याच्याकडे दुसऱ्या बाजूनं बघते. खात्री नव्हती, आणि तरी ती ओरडली. तिच्या जागी मी असते तर आधी खात्री करून घेतली असती. दगड नीट तपासला असता, कुणाला तरी विचारलं असतं, खोटं बोलायला लाजले असते. आणि तोवर ती माणसं सावलीतच बसून राहिली असती.